हे वाक्य कोण म्हणेल?

जपानी भाषेच्या परीक्षेचे पाच टप्पे असतात, एन-फाइव्ह सगळ्यात सोपा, एन-वन सगळ्यात अवघड. एन-टूपर्यंत माझी वही अगदी सरळ होती. डावीकडे व्याकरणाची रचना, उजवीकडे मराठी अर्थ, खाली एखादं वाक्य. एन-वनची तयारी सुरू झाली आणि उजव्या रकान्यात तेच तेच यायला लागलं. 'या इना या' म्हणजे करताक्षणी. 'गा हायाइ का' म्हणजे करताक्षणी. 'नारी' म्हणजे करताक्षणी. 'सोबा कारा', तेही करताक्षणीच. पुढच्या पानावर 'नाइलाजाने करावं लागणे' या एकाच अर्थाखाली पाच-सहा रचना दाटीवाटीने बसलेल्या. पाठ करायला यात काहीच जड नव्हतं. सराव परीक्षेत मात्र चार पर्याय समोर आले की चारही बरोबर वाटायचे.

मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत जपानी ग्राहक आणि इथले प्रोग्रामर यांच्या मधोमध बसते. या कामाला जपानी लोक 'ब्रिज एसई', म्हणजे दोन्हीकडचा पूल असलेला सिस्टिम्स इंजिनिअर, म्हणतात. दिवसभर मेल, मीटिंगचे वृत्तान्त, स्पेसिफिकेशन. एन-वन झालं की भत्ता वाढतो हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. ग्राहकाच्या मेलमधला शब्द न् शब्द कळायचा आणि तरी माणूस रागावलाय, कंटाळलाय की नुसतीच रीत पाळतोय, हे कळायचं नाही.

आमच्या सेन्सेई मराठीच. (पुण्यात जपानी शिकवणाऱ्या कुणालाही विद्यार्थी सेन्सेईच म्हणतात, मग त्या कोथरूडच्या का असेनात.) त्यांनी वही चाळली, उजव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, अर्थ कळला. पण हे वाक्य कोण म्हणेल?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे बातमीदार म्हणेल, कादंबरीचा निवेदक म्हणेल, की तुझी मैत्रीण फोनवर म्हणेल? स्वतःबद्दल म्हणेल की दुसऱ्याबद्दल? आणि त्याच्यापुढे 'कर' असं सांगता येईल का? ते लिही. अर्थाचा रकाना पुसून टाक."

रकाना पुसला नाही, पण शेजारी नवा आखला. मग त्या चार 'करताक्षणीं'ची चार घरं दिसायला लागली. 'नारी' हे जवळजवळ नेहमी तिसऱ्याच माणसाबद्दल: तो घरी आला नि एक शब्द न बोलता झोपून गेला. त्यात बघणाऱ्याचं आश्चर्य असतं, म्हणून स्वतःच्या कृतीबद्दल ते कुणी वापरत नाही. 'गा हायाइ का' गोष्टीच्या पुस्तकातलं, घंटा वाजली न वाजली तोच पोरं वर्गाबाहेर. 'या इना या' लेखी आणि भारदस्त, एखादी वस्तू बाजारात येताच संपली अशा बातमीत शोभणारं. 'सोबा कारा' एकदाच घडलेल्या गोष्टीला चालतच नाही. ते पुन्हा पुन्हा होणाऱ्या, वैताग आणणाऱ्या गोष्टींसाठी. आवरलेलं घर मुलं लगेच पसरतात, पाठ केलेले शब्द लगेच विसरतात, तिथे ते बसतं. आणि चौघांपैकी एकाच्याही पुढे आज्ञा किंवा विनंती येत नाही. 'पोचलीस की लगेच फोन कर' असं आईला म्हणायचं असेल तर या चौघांना बाजूला ठेवून साधं 'त्सुइतारा सुगु' म्हणायचं, जे एन-फोरमध्येच शिकून झालेलं असतं.

मराठी माणसाला जपानीचे खालचे टप्पे तसे सोपे जातात, हे माझं प्रामाणिक मत. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, आणि 'करून बघणे', 'करून ठेवणे', 'खाऊन टाकणे' यांच्या जोडीला 'ते मिरु', 'ते ओकु', 'ते शिमाउ' तयारच. एन-वनला आल्यावर ही घरगुती मराठी कमी पडते. तिथे मदतीला येते ती सरकारी मराठी. सोसायटीच्या फलकावर 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' असं लिहिणारे सेक्रेटरी जिन्यात भेटले की 'अहो, उद्या पाणी नाही बरं का' असंच म्हणतात. माझे बाबा महसूल खात्यातून निवृत्त झाले, ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही 'रविवारी आमरसाचे आयोजन करण्यात आले असून' असं लिहितात आणि सगळे हसतात. का हसतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जपानीत तेवढंच कळेपर्यंत माझा बराच काळ गेला.

'नाइलाजाने' वाल्या पानावर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. त्यात दोन रचना जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या, 'झारु ओ एनाइ' आणि 'ओ योगि नाकु सारेरु'. पावसामुळे सामना रद्द करावा लागला, हे दोन्हीत सांगता येतं. पण आयोजक स्वतः पत्रकारांसमोर बसून पहिली रचना वापरतो, तेव्हा तो म्हणत असतो की आम्ही सगळं तोलून पाहिलं, इच्छा नव्हती, पण निर्णय आमचाच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र दुसरी रचना वापरतं, तेव्हा निर्णय घेणारा माणूस वाक्यातून जवळजवळ नाहीसाच होतो. उरतो तो पाऊस आणि रद्द झालेला सामना. याच जागी आणखी दोन रचना डोकावतात. 'नाइ वाके नि वा इकानाइ' मध्ये दडपण समाजाचं असतं, साहेबांचा निरोपसमारंभ आहे तर जायलाच हवं. 'झु नि वा सुमानाइ' मध्ये टोचणी असते, माफी मागितल्याशिवाय हे प्रकरण मिटायचं नाही. चौघांचंही मराठी 'लागलं' किंवा 'लागेल'. जबाबदारी मात्र दर वेळी वेगळ्या माणसाच्या खांद्यावर. मला वाटतं, एन-वनच्या व्याकरणातला निम्मा भाग हा 'जबाबदारी कुणाची' या एका प्रश्नाभोवतीच फिरतो, आणि ऑफिसातल्या मेलचंही तसंच आहे.

सेन्सेईंच्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी त्यांनाच कसं विचारणार? त्यांनीच मग शोनागोन दाखवलं. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने आधुनिक लेखी जपानीचा एक मोठा संग्रह केला आहे, दहा कोटींहून अधिक शब्दांचा, २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात खुला झाला. त्यात शोधायचं फुकट साधन म्हणजे शोनागोन. नोंदणी वगैरे काही नाही. जपानीतली रचना टाका, शोधा, आणि वाक्यांची यादी समोर. मोलाची गोष्ट अशी की कुठे शोधायचं ते निवडता येतं: पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं, सरकारी श्वेतपत्रिका, कायदे, संसदेची कामकाजपत्रं, आणि दुसऱ्या टोकाला ब्लॉग आणि लोकांची आपसातली प्रश्नोत्तरं.

रात्री जेवणं झाली की मी एक रचना घ्यायची, आधी श्वेतपत्रिकांमध्ये शोधायची, मग ब्लॉगमध्ये. 'योगि नाकु' च्या आधी येणारी नामं बघता बघता ओळखीची झाली: माघार, स्थलांतर, बदल, स्थगिती, रुग्णालयात दाखल होणं. सगळी जड, बहुतेक चिनी मुळाची. घरगुती शब्द त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. 'नि काताकुनाइ' म्हणजे 'कठीण नाही', असं वहीत होतं. वाक्यं बघितल्यावर दिसलं की कल्पना करणं किंवा समजून घेणं अशा दोन-तीन शब्दांपलीकडे ते फारसं जातच नाही. 'हे गणित कठीण नाही' असं त्याने म्हणता येत नाही. 'ओ किन्जिएनाइ' च्या आधी राग, अश्रू, सहानुभूती, आश्चर्य. 'ते यामानाइ' च्या आधी इच्छा आणि प्रार्थना, तीही भाषणाच्या शेवटी, उभं राहून म्हटलेली. मग मी रचना एकटी पाठ करणं सोडलं. आधीचा शब्द, रचना आणि म्हणणारा माणूस असे तिघे एकत्रच लिहायचे.

ब्लॉगमध्ये वेगळीच गंमत. तिथे हीच भारदस्त रूपं लोक मुद्दाम वापरतात, माझ्या बाबांच्या आमरसासारखी. मांजराने उशी बळकावली म्हणून मालकाला 'जमिनीवर झोपणं योगि नाकु झालं'. परीक्षेचं पुस्तक ही बाजू सांगत नाही. रचना कुठे शोभत नाही हे कळलं की मगच ती तिथे वापरून हसवता येतं.

ही रूपं इतकी वेगळी का दिसतात, यालाही कारण आहे. 'बेकाराझु' (करू नये), 'माजिकी' (न शोभणारं), 'न् गा तामे' (करण्यासाठी), 'गोतोकी' (सारखं) हे सगळे जुन्या लेखी जपानीचे उरलेले तुकडे. मेइजी काळापर्यंत (१८६८ ते १९१२) लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी होती. १८८० च्या दशकात लेखकांनी ही दरी बुजवायला सुरुवात केली, तरी कायदे आणि सरकारी कागद बराच काळ जुन्याच वळणाचे राहिले. १९४६ ची राज्यघटना बोलीच्या वळणाने लिहिली गेली तेव्हा कुठे चित्र पालटलं. आज एखादा जपानी माणूस 'शिक्षकाला न शोभणारं वर्तन' म्हणताना 'माजिकी' वापरतो, तेव्हा तो आपला आवाज थोडा न्यायाधीशासारखा करत असतो. मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल तक्रार करताना तो शब्द ओठावर येत नाही.

सेन्सेईंनी दुसरा एक सराव दिला. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेची एकच बातमी दोनदा वाचायची, एकदा नेहमीची आणि एकदा 'सोपी' आवृत्ती. सोप्या जपानीची ही कल्पना १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर पुढे आली. तेव्हा परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोचल्या, पण त्यांना त्या उमगल्या नाहीत. नेहमीच्या बातमीतलं 'स्थलांतर योगि नाकु' सोप्या बातमीत 'पळून जावं लागलं' असं होतं. माहिती तीच. जाते ती फक्त बातमीची इस्त्री. एन-वन शिकताना मी उलट दिशेने जायची: सोपी बातमी आधी घ्यायची, ती स्वतः भारदस्त करायचा प्रयत्न करायचा आणि मग मूळ बातमीशी ताडून बघायची. माझ्या मते सगळ्या तयारीत याइतका फायदा कशाचाच झाला नाही. परीक्षेच्या सरावपुस्तकांचे गठ्ठे त्यापुढे फिके.

कामावरही कान टवकारले गेले. आमच्या टेस्ट केसच्या एक्सेल शीटमध्ये अपेक्षित निकालाच्या रकान्यात प्रत्येक ओळ 'कोतो' ने संपते: 'लॉगिन होणे', 'संदेश दिसणे'. करारात तेच काम 'मोनो तो सुरु' करतं, 'पुरवठादार अमुक करील' असं. ग्राहकाच्या मेलमध्ये नकार येतो तो 'कानेमासु' ने. रूप होकारार्थी, अर्थ नकारी: आपली मागणी पूर्ण करणं आम्हाला अवघड आहे. हे रूप नवीन प्रोग्रामरला दाखवलं तर तो म्हणतो, "म्हणजे प्रयत्न करतायत ना?" नाही रे बाबा, प्रयत्न संपले. आणि हेच रूप नकारी केलं, 'कानेनाइ', की अर्थ होतो 'असं काही वाईट घडूही शकतं'. दोघांची मेलमधली जागाही वेगळी. पहिलं ग्राहकसेवेचं, दुसरं धोक्याच्या अहवालाचं.

सल्ला देण्याच्या रचनांनीही असंच गुंतवून ठेवलं. लवकर झोपावं, हे तीन तऱ्हांनी सांगता येतं. 'मोनो दा' म्हटलं की जगाची रीत, लहान मुलांनी लवकर झोपायचं असतं. 'बेकि दा' म्हटलं की माझं मत. 'कोतो दा' म्हटलं की समोरच्या एका माणसाला, त्याच्या भल्यासाठी, पण वरच्या पायरीवरून दिलेला सल्ला. डॉक्टर किंवा काका देतील तसा. साहेबांना कधीही नाही. या छोट्या शब्दांना एन-वनचं वलय नाही, ते आधीच्या टप्प्यांत उरकलेले असतात, आणि माझ्या अनुभवात खरी बारीक कलाकुसर त्यांच्यातच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये परीक्षा दिली. शब्दसंपदा, व्याकरण आणि वाचन मिळून ११० मिनिटं, मग ५५ मिनिटं श्रवण. १८० पैकी १०० ला पास, आणि तिन्ही भागांत किमान १९. व्याकरणात तो ताऱ्याचा प्रश्न असतोच, चार तुकडे योग्य क्रमाने लावून ताऱ्याच्या जागी कोणता येतो ते सांगायचं. शब्दांच्या जोड्या डोळ्यांत बसलेल्या असल्या की तो भरभर सुटतो. परीक्षेत बोलायचं काही नसतं, लिहायचंही नसतं. त्यामुळे पास झालेला माणूस योग्य जागी योग्य सूर लावू शकेलच असं प्रमाणपत्र काही सांगत नाही. मी पास झाले, ते जानेवारीअखेर कळलं.

मधल्या काळात १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. जपानी सहकारी नववर्षाच्या सुट्टीवर होते, आम्ही इथून त्यांना संदेश पाठवत होतो. एनएचकेच्या थेट प्रक्षेपणाची ध्वनिफीत मी नंतर ऐकली. निवेदिका जवळजवळ ओरडत होती: 'इमा सुगु निगेरु कोतो!' आत्ताच्या आत्ता पळणे! माझ्या एक्सेल शीटमधला 'कोतो', नियमावलीतला, शाळेच्या भिंतीवरचा, इथे किंचाळत होता. २०११ च्या त्सुनामीच्या वेळी शांत, सभ्य सूचनांनी लोक पुरेसे हलले नाहीत, म्हणून एनएचकेने नंतर अशा वेळची भाषा मुद्दाम बदलली होती. 'पळून जावे ही विनंती' यात ऐकणाऱ्याला निवड उरते. 'पळा' ही माणसाने माणसाला केलेली आज्ञा आहे. 'पळणे' हा नियम आहे, त्यात सांगणाराही नाही आणि ऐकणाऱ्याला घासाघीस करायला जागाही नाही. ती ध्वनिफीत मी सेन्सेईंना पाठवली. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "आता सांग, कोण म्हणतंय?"

सध्या माझी झटापट 'सासेते इतादाकु' शी चालली आहे. 'आपल्या परवानगीने मी हे करते' असं ते विनयाचं रूप. आजकाल जपानी मेलमध्ये ते पावलोपावली भेटतं: पाठवायची परवानगी घेते, तपासायची घेते, सुट्टीचीही घेते. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७ मध्ये आदरार्थी भाषेबद्दल मार्गदर्शिका काढली. तिने आदराचे प्रकार तीनाऐवजी पाच केले आणि या रूपालाही दोन अटी सांगितल्या: समोरच्याची परवानगी लागत असावी, आणि तिच्यामुळे आपलं काही भलं होत असावं. कुणाच्या पुस्तकाची झेरॉक्स काढताना ते चपखल. 'मी अमुक शाळेतून उत्तीर्ण होण्याची परवानगी घेतली' हे खटकतं, कारण पास व्हायला परवानगी कुणाची? पण मार्गदर्शिका तिथेही दार किलकिलं ठेवते. नापास व्हायचीच वेळ आली होती आणि मास्तरांनी कृपा करून पुढे ढकललं असेल, तर ते वाक्यही योग्य! हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले.

दोन जपानी सहकाऱ्यांना याबद्दल विचारलं. एकजण म्हणाला, आता ते इतकं रुळलंय की नसलं तरच उद्धट वाटतं. दुसरी, वयाने मोठी, म्हणाली की एका मेलमध्ये ते तीनदा दिसलं की लिहिणारा कशापासून तरी लपतोय असं वाटतं. दोघंही तोक्योचे, दोघंही एकाच टीममधले. त्यांच्यातच एकमत नाही म्हटल्यावर मी माझ्यापुरता नियम केलाय: एका मेलमध्ये एकदाच, तेही समोरच्याच्या वेळेवर किंवा फायलींवर हात टाकायचा असेल तेव्हा. बाकी ठिकाणी साधं 'इताशिमासु', म्हणजे नम्रपणे 'करते'. परवा एका ग्राहकाला असाच मेल गेला, उत्तर नेहमीच्या सुरात आलं. त्यांना तो उद्धट वाटला असता, तरी त्यांनी मला सांगितलं नसतंच. म्हणून आता मोठ्या सहकारीणबाईंना विचारून ठेवलंय, दर शुक्रवारी माझे दोन मेल वाचून द्याल का. त्या 'वाकारिमाशिता' म्हणाल्या, म्हणजे साधं 'बरं, कळलं'; त्याचंच अतिनम्र रूप 'शोओचि इताशिमाशिता' नाही. म्हणजे माझ्याशी थोड्या मोकळ्या झाल्यात, असं मी तूर्त धरून चालले आहे.